नव्याने हाती आलेला शेअरपॉइंट फार्म कसा सांभाळावा

शेअरपॉइंट, म्हणजे कंपनीच्या फाइली आणि साइट ठेवण्याचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, सांभाळणारा माणूस नोकरी सोडतो, आणि ‘आजपासून हे तुमच्याकडे’ असं म्हणून सर्व्हरची नावं आणि पासवर्ड लिहिलेली एक फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी हाती दिली जाते. शेअरपॉइंटचे बरेचसे अ‍ॅडमिन असेच तयार होतात. विंडोज येत असतं, आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) थोडंफार माहीत असतं, एसक्यूएल (डेटाबेसचा सर्व्हर) दुसरी टीम बघत असते. शेअरपॉइंट मात्र या तिन्हींच्या मधोमध बसलेलं असतं. हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. तो स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या शेअरपॉइंटबद्दल आहे, म्हणजे २०१६, २०१९ आणि सबस्क्रिप्शन एडिशन. क्लाउडवरच्या शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये यातलं बरंचसं काम मायक्रोसॉफ्टच करते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. फार्मची, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या शेअरपॉइंट सर्व्हरच्या गटाची, खरी मालमत्ता एसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये असते. लोकांच्या फाइली, लिस्ट, परवानग्या सगळं कंटेंट डेटाबेसमध्ये, आणि फार्ममध्ये कोणते सर्व्हर आहेत, कुठे कोणती सर्व्हिस चालते हे कॉन्फिगरेशन डेटाबेसमध्ये. शेअरपॉइंटचा सर्व्हर मोडला तर नवा उभा करता येतो. म्हणून कोणत्याही कामाआधी दोन प्रश्न विचारायचे: डेटाबेस सुरक्षित आहेत का? आणि फार्ममधला प्रत्येक सर्व्हर कॉन्फिगरेशन डेटाबेसशी जुळलेला आहे का? पुढचं बहुतेक सगळं याच दोन प्रश्नांभोवती फिरतं.

पायरी १: आधी नोंद, मग हात

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. सेंट्रल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (फार्म चालवण्याचं वेब पान) उघडा आणि लिहून काढा: किती सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाची भूमिका काय (२०१६ पासून मिनरोल आल्यामुळे फ्रंट-एंड, अ‍ॅप्लिकेशन, सर्च, डिस्ट्रिब्युटेड कॅश अशा भूमिका ठरवून देता येतात), कोणती वेब अ‍ॅप्लिकेशन आहेत, कोणती साइट कलेक्शन (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या साइटींचा संच) कोणत्या कंटेंट डेटाबेसमध्ये आहे, प्रत्येक डेटाबेस केवढा आहे, आणि फार्मचा बिल्ड नंबर काय. बिल्ड नंबर कॉन्फिगरेशन डेटाबेसचा वेगळा आणि प्रत्येक सर्व्हरवर बसलेल्या पॅचचा वेगळा तपासा. ते जुळत नसतील तर कुणीतरी पॅच अर्धवट सोडला आहे, आणि तो प्रश्न आता तुमचा आहे.

सेंट्रल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये दिसत नाहीत अशा गोष्टींचीही यादी करा. आयआयएसमधली सर्टिफिकेट आणि त्यांच्या मुदती. वेब.कॉन्फिगमध्ये हाताने केलेले बदल. बाहेरून विकत घेतलेली किंवा स्वतः लिहिलेली सोल्युशन पॅकेज, म्हणजे डब्ल्यूएसपी फाइली. त्या फार्ममधून पॉवरशेलने काढून एका सुरक्षित जागी ठेवा. मूळ कोड लिहिणारे लोक कधीच निघून गेलेले असतात.

सगळ्यात महत्त्वाचा फार्मचा पासफ्रेज. नवा सर्व्हर फार्मला जोडायचा तर तो लागतोच. तो कुठेही वाचता येत नाही, पण फार्म चालू असताना सेट-एसपीपासफ्रेज या कमांडने नवा ठेवता येतो. जुना कुणालाच माहीत नसेल तर सगळं सुरळीत चालू असतानाच नवा ठेवून घ्या. सिक्युअर स्टोअर (इतर सिस्टिमचे पासवर्ड जपून ठेवणारी सर्व्हिस) वापरात असेल तर त्याचा पासफ्रेज वेगळा असतो, तोही शोधा.

पायरी २: खाती

शेअरपॉइंट एका खात्यावर चालवायचं नसतं. सेटअपचं खातं, फार्मचं खातं, वेब अ‍ॅप्लिकेशनच्या अ‍ॅप्लिकेशन पूलचं खातं, सर्व्हिस अ‍ॅप्लिकेशनचं खातं, सर्चच्या क्रॉलचं (शोधाच्या इंडेक्ससाठी मजकूर वाचत जाणाऱ्या कामाचं) खातं, ही सगळी वेगळी असावीत. सगळीकडे एकच खातं दिसलं तर लगेच तोडायला जाऊ नका, पण यादीत लाल शाईने लिहा.

क्रॉलच्या खात्याकडे खास लक्ष द्या. त्याला वेब अ‍ॅप्लिकेशनवर फक्त ‘फुल रीड’ हवं. त्याला जास्त अधिकार दिलेले असतील तर प्रकाशित न झालेले मसुदेसुद्धा इंडेक्समध्ये येतात, आणि ज्यांनी बघायला नको त्यांच्या शोधात ते दिसू शकतात.

पासवर्ड बदलायचा तर शेअरपॉइंटच्या मॅनेज्ड अकाउंटमधून बदला. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत कुणी परस्पर बदलला की शेअरपॉइंटला ते कळत नाही. मग पुढच्या रीस्टार्टला अ‍ॅप्लिकेशन पूल उठत नाही आणि सगळ्या कंपनीला ५०३ ची पाटी दिसते. असा फोन आला की आधी आयआयएसमध्ये अ‍ॅप्लिकेशन पूल थांबलाय का ते बघायचं आणि लगेच अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या टीमला विचारायचं.

पायरी ३: एसक्यूएलच्या माणसाशी बोलणं

डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) अनुभवी असला तरी शेअरपॉइंटचे काही हट्ट त्याला सांगावे लागतात. या इन्स्टन्सवर ‘मॅक्स डिग्री ऑफ पॅरलॅलिझम’ (एका क्वेरीसाठी एकाच वेळी किती प्रोसेसर वापरायचे ते सेटिंग) १ च असायला हवं. इतर सर्व्हरवर जे सुधारणा म्हणून करतात ते इथे केलं की शेअरपॉइंट मंदावतं. कंटेंट डेटाबेसवर आपोआप स्टॅटिस्टिक्स तयार करण्याचा पर्याय चालू करायचा नाही. आणि टेबलमध्ये थेट काहीही लिहायचं नाही. एक साधी अपडेट क्वेरी चालवली तरी तो डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टबाहेर जातो.

कंटेंट डेटाबेस सर्वसाधारण वापरात २०० जीबीच्या आत ठेवावा अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. त्यापलीकडेही जाता येतं, पण त्याच्या अटी आहेत. माझ्या दृष्टीने या आकड्याचं खरं कारण रिस्टोरचा वेळ आहे. मोठा डेटाबेस रोज छान चालतो, पण वाईट दिवशी तो परत यायला किती तास लागतील याचा विचार करून डेटाबेस फोडा. मोठी साइट कलेक्शन मूव्ह-एसपीसाइटने दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवता येते. त्या वेळात ती साइट वापरता येत नाही, म्हणून लोकांना आधी कळवा.

फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये असलेल्या डेटाबेसचा ट्रान्झॅक्शन लॉग नियमित लॉग बॅकअप घेतल्याशिवाय मोकळा होत नाही. फक्त रात्रीचा फुल बॅकअप चालू असेल तर लॉग फाइल वाढत वाढत डिस्क भरते, आणि मग लोकांना फाइल सेव्ह करता येत नाही. डीबीएला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

पायरी ४: बॅकअप, आणि त्याहून महत्त्वाचं रिस्टोर

इथे घाई करू नका, कारण नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो. बॅकअपचा जॉब हिरवा दिसतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं.

फाइल परत मिळवण्याचे मार्ग एकावर एक रचलेले असतात. पहिला रिसायकल बिन. डिफॉल्ट मुदत ३० दिवसांची. वापरकर्त्याने स्वतःचा बिन रिकामा केला तरी वस्तू दुसऱ्या टप्प्यातल्या बिनमध्ये जाते आणि साइट कलेक्शनचा अ‍ॅडमिन ती तिथून काढून देऊ शकतो. मात्र ३० दिवस मूळ डिलीटच्या तारखेपासूनच मोजले जातात. वेब अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये रिसायकल बिन बंद करण्याचा पर्याय असतो. तो चुकूनही दाबू नका, कारण तो बंद केला की त्या वेब अ‍ॅप्लिकेशनमधले सगळे बिन रिकामे होतात. अख्खी साइट कलेक्शन कुणी उडवली असेल तर ती वापरकर्त्याच्या बिनमध्ये दिसत नाही. गेट-एसपीडिलीटेडसाइटने शोधून रिस्टोर-एसपीडिलीटेडसाइटने परत आणायची.

मुदत संपली की मग एसक्यूएलचा बॅकअप. जुना कंटेंट डेटाबेस वेगळ्या नावाने रिस्टोर करायचा, आणि सेंट्रल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधल्या ‘अनअटॅच्ड कंटेंट डेटाबेसमधून डेटा रिकव्हर करा’ या सोयीने त्यातून हवी ती साइट, लिस्ट किंवा लायब्ररी बाहेर काढायची. चालू डेटाबेसला हात लावावा लागत नाही. ही सोय खूप जणांना माहीतच नसते, आणि एका फोल्डरसाठी अख्खा डेटाबेस मागे नेऊन इतरांचं दिवसभराचं काम पुसलं जातं.

अख्खा फार्म गेला तर काय? कॉन्फिगरेशन डेटाबेसचा चालू फार्मवर घेतलेला एसक्यूएल बॅकअप नव्या फार्मवर रिस्टोर करून काम भागत नाही. नवा फार्म उभारायचा, डब्ल्यूएसपी बसवायच्या, वेब अ‍ॅप्लिकेशन करायची, मॅनेज्ड मेटाडेटासारख्या सर्व्हिस अ‍ॅप्लिकेशनचे डेटाबेस जोडायचे आणि शेवटी कंटेंट डेटाबेस जोडायचे. नव्या फार्मचा पॅच जुन्याइतका किंवा त्याहून पुढचा हवा. मागे असेल तर डेटाबेस जोडला जाणार नाही. पायरी १ मधली नोंद फार्मच्या बाहेर ठेवायची ती यासाठीच. शेअरपॉइंटमध्येच ठेवलेली रिकव्हरीची कागदपत्रं शेअरपॉइंट बंद असताना उघडत नाहीत.

व्हर्च्युअल मशीनच्या स्नॅपशॉटवर विसंबू नका. एका सर्व्हरचा स्नॅपशॉट मागे नेला की तो सर्व्हर एका काळात आणि कॉन्फिगरेशन डेटाबेस दुसऱ्या काळात, अशी अवस्था होते.

दर तिमाहीला एक कंटेंट डेटाबेस टेस्ट फार्मवर रिस्टोर करून साइट उघडून बघा. किती वेळ लागला ते लिहा. व्यवस्थापनाने ‘किती वेळात परत येईल?’ असं विचारल्यावर हाच आकडा सांगायचा.

पायरी ५: रोजची नजर

रोज सकाळी हे बघा: सगळ्या सर्व्हरच्या डिस्कवर किती जागा शिल्लक आहे, रात्रीचे बॅकअप झाले का, टाइमर जॉब (ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं) अडकलेत का, शेवटचा क्रॉल कधी पूर्ण झाला. हेल्थ अ‍ॅनालायझरच्या लाल सूचना वाचा, पण प्रत्येक सूचनेमागे धावू नका. काही सूचना कायम तिथेच असतात. आयआयएसचे लॉग आपोआप पुसले जात नाहीत, त्यामुळे सी ड्राइव्ह भरण्यामागे बहुधा तेच निघतात. जुने लॉग हलवणारा एक शेड्युल्ड टास्क लावून द्या. अँटिव्हायरसमधून शेअरपॉइंटचे आणि सर्च इंडेक्सचे फोल्डर वगळलेत का तेही एकदा तपासून घ्या.

डिस्ट्रिब्युटेड कॅशची सर्व्हिस विंडोजच्या सर्व्हिसेस यादीतून बंद-चालू करायची नाही. सर्व्हर रीस्टार्ट करायचा असेल तर पॉवरशेलमधून, स्टॉप-एसपीडिस्ट्रिब्युटेडकॅशसर्व्हिसइन्स्टन्सला ग्रेसफुल हा पर्याय देऊन ती थांबवा, म्हणजे कॅशमधला माल दुसऱ्या कॅश सर्व्हरकडे जातो.

पायरी ६: ‘काहीतरी चुकलं’ असं आलं तर

वापरकर्त्याला ‘समथिंग वेंट राँग’ दिसतं आणि त्याखाली एक लांबलचक कोरिलेशन आयडी. लोक स्क्रीनचा फोटो पाठवतात. त्यांना आयडी कॉपी करून पाठवायला सांगा आणि नेमकी वेळ विचारा. हा आयडी त्या एका विनंतीचा असतो, आणि फार्ममध्ये ती जिथे जिथे गेली तिथल्या यूएलएस लॉगमध्ये (शेअरपॉइंटच्या स्वतःच्या नोंदींमध्ये) तो उमटलेला असतो.

मर्ज-एसपीलॉगफाइल ही कमांड सगळ्या सर्व्हरवरच्या लॉगमधून त्या आयडीच्या ओळी गोळा करून एक फाइल बनवते. तिला सुरुवातीची आणि शेवटची वेळ द्या, नाहीतर ती बराच वेळ घेईल. मग फाइल उघडून ‘अनएक्स्पेक्टेड’ आणि ‘क्रिटिकल’ पातळीच्या ओळी शोधा. समजा तिथे ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आहे आणि त्याच्या जरा वरच्या ओळीत एका वर्कफ्लोचं नाव आहे. म्हणजे फाइल उघडणाऱ्याचा दोष नाही. तो वर्कफ्लो ज्या खात्याने चालतो त्याचा अधिकार गेलाय. शेवटच्या लाल ओळीपेक्षा तिच्या वरच्या पाच-दहा ओळी जास्त सांगतात. हे वाचायची सवय महिनाभरात लागते, आणि मग इंटरनेटवर एरर टाकून मिळेल तो उपाय करून बघण्याची गरज फार कमी होते.

यूएलएस लॉग डिफॉल्टने १४ दिवस राहतात. त्यामुळे महिन्यापूर्वीच्या तक्रारीचा आयडी उपयोगाचा नसतो. काही सापडलं नाही तर लॉगची पातळी ‘व्हर्बोज’ करा, अडचण पुन्हा घडवून आणा आणि लगेच क्लिअर-एसपीलॉगलेव्हलने पूर्ववत करा. व्हर्बोज तसंच राहिलं तर डिस्क भरायला वेळ लागत नाही.

एक नेहमीचा आजार वेगळा सांगतो. सेंट्रल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये बदल केला, पण एका सर्व्हरला तो दिसतच नाही. टाइमर जॉब तिथे चालत नाहीत. तेव्हा त्या सर्व्हरची कॉन्फिगरेशन कॅश बिघडलेली असते. आधी शेअरपॉइंट टाइमर सर्व्हिस थांबवा. सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रामडेटा, मग मायक्रोसॉफ्ट, शेअरपॉइंट, कॉन्फिग अशा फोल्डरमध्ये लांबलचक नावाचं एक फोल्डर असतं, ज्यात कॅश.आयएनआय ही फाइल असते. त्या फाइलची प्रत बाजूला ठेवा. आतल्या सगळ्या एक्सएमएल फाइली पुसा. फोल्डर पुसायचं नाही आणि कॅश.आयएनआयही पुसायची नाही. मग कॅश.आयएनआय उघडून त्यातला आकडा काढून फक्त १ लिहा, सेव्ह करा आणि टाइमर सर्व्हिस चालू करा. थोड्याच वेळात एक्सएमएल फाइली परत येऊ लागतात आणि तो १ मोठा होतो. ते दिसल्याशिवाय दुसऱ्या सर्व्हरला हात लावू नका.

पायरी ७: पॅच

मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. शेअरपॉइंटचे अपडेट एकत्रित असतात, म्हणजे ताज्यात आधीचं सगळं आलेलं असतं. २०१६ आणि २०१९ साठी दोन प्रकारची पॅकेज असतात, एक भाषेवर अवलंबून नसलेलं आणि एक भाषेचं. दुसरं दर महिन्याला येतंच असं नाही, म्हणून ते विसरलं जातं. दोन्हींचं ताजं रूप बसवा. विंडोज अपडेटला शेअरपॉइंटचे पॅच आपोआप बसवू देऊ नका.

नव्या माणसाला सगळ्यात आधी समजायला हवं ते असं: इन्स्टॉलर चालवला म्हणजे पॅच झाला नाही. इन्स्टॉलर फक्त सर्व्हरवरच्या फाइली बदलतो. डेटाबेस पुढे नेण्याचं काम कॉन्फिगरेशन विझार्ड करतो, ज्याला सगळे पीएसकॉन्फिग म्हणतात. तो न चालवता सोडलेले फार्म महिनोन्‌महिने तसेच चालतात, आणि मग एके दिवशी कुणाला समजेनासं काहीतरी मोडतं.

क्रम असा ठेवा. आधी टेस्ट फार्मवर सगळं करून बघा. मग ताजा बॅकअप घ्या, कारण शेअरपॉइंटचा पॅच काढता येत नाही. मागे जायचा रस्ता म्हणजे बॅकअपच. इन्स्टॉल करताना सर्च आणि टाइमरच्या सर्व्हिस थांबवल्या तर काम बरंच लवकर उरकतं. सगळ्या सर्व्हरवर पॅकेज बसवून रीस्टार्ट झाले की पीएसकॉन्फिग एका सर्व्हरवर चालवा. तो पूर्ण झाला की दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. एकाच वेळी दोन सर्व्हरवर नाही. शेवटी ‘प्रॉडक्ट आणि पॅच इन्स्टॉलेशन स्टेटस’ या पानावर कुठेही ‘अपग्रेड रिक्वायर्ड’ किंवा ‘इन्स्टॉलेशन रिक्वायर्ड’ उरलेलं नाही हे बघा. मगच एक फाइल अपलोड करा, शोध घेऊन बघा, एक वर्कफ्लो चालवा आणि लोकांना सांगा.

पॅच पुढे ढकलावा का, हा प्रश्न जुलै २०२५ नंतर तरी विचारू नये. तेव्हा सीव्हीई-२०२५-५३७७० या त्रुटीतून स्वतःच्या सर्व्हरवरच्या शेअरपॉइंटवर जगभर हल्ले झाले. लोक त्याला टूलशेल म्हणतात. शेअरपॉइंट ऑनलाइनला त्याची झळ नव्हती. हल्लेखोर एएसपी.नेटच्या मशीन की (संदेश खरा आहे हे पटवणाऱ्या गुप्त किल्ल्या) चोरून नेत होते. की हातात असली की पॅच बसल्यानंतरही खरे वाटणारे संदेश बनवून ते परत आत शिरू शकत होते. म्हणून नुसता पॅच पुरेसा नव्हता. मशीन की बदलून सगळ्या सर्व्हरवर आयआयएस रीस्टार्ट करणंही गरजेचं होतं. तुमच्या हाती आलेल्या फार्मवर हे तेव्हा केलं गेलं का, याची लेखी नोंद मागा. नोंद नसेल तर आता करा. एएमएसआय (येणारी विनंती अँटिव्हायरसकडून तपासून घेणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही तपासा, आणि फार्म थेट इंटरनेटवर उघडा असेल तर तो मागे घेण्याचा विषय काढा.

पायरी ८: परवानग्या आणि पाच हजारांची पाटी

परवानग्यांसाठी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचे ग्रुप शेअरपॉइंटच्या ग्रुपमध्ये टाका, एकेक माणूस थेट फाइलवर जोडत बसू नका. एक खुलासा मात्र लोकांना आधीच द्यावा लागतो: डिरेक्टरीच्या ग्रुपमध्ये नाव घातलं तरी दार लगेच उघडेलच असं नाही, कारण शेअरपॉइंट लॉगिनच्या टोकनमधले ग्रुप लक्षात ठेवतं आणि त्या टोकनचं डिफॉल्ट आयुष्य १० तासांचं असतं.

लिस्टमध्ये ५,००० पेक्षा जास्त वस्तू झाल्या की व्ह्यू उघडत नाही, आणि ‘ही मर्यादा वाढवा’ अशी मागणी येते. वाढवू नका. एका कंटेंट डेटाबेसमधल्या सगळ्या लिस्टच्या ओळी एकाच मोठ्या टेबलमध्ये राहतात, आणि एसक्यूएल सर्व्हर एका क्वेरीसाठी साधारण ५,००० कुलुपं लागली की ओळींऐवजी अख्खं टेबल कुलूपबंद करतो. एका विभागाच्या मोठ्या लिस्टसाठी त्या डेटाबेसमधल्या बाकी सगळ्यांना थांबावं लागतं. उपाय म्हणजे ज्या कॉलमवर लोक गाळणी लावतात त्याला इंडेक्स द्या, आणि व्ह्यूची पहिली गाळणी ५,००० च्या आत येईल अशी ठेवा. फार मोठं काम असेल तर रात्रीची ठरावीक वेळ देता येते, त्या वेळात मर्यादा लागू होत नाही.

पायरी ९: आवृत्तीची मुदत

शेअरपॉइंट २०१३ चा सपोर्ट ११ एप्रिल २०२३ ला संपला. २०१६ आणि २०१९ या दोघांसाठी मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०२६ ही एकच तारीख ठेवली आहे. त्यापुढे स्वतःच्या सर्व्हरवर राहायचं तर सबस्क्रिप्शन एडिशन, नाहीतर शेअरपॉइंट ऑनलाइन. २०१६ किंवा २०१९ वरून सबस्क्रिप्शन एडिशनला थेट जाता येतं. २०१३ वाल्यांना मध्ये एक मुक्काम करावा लागतो. पद्धत पायरी ४ मधल्या रिस्टोरसारखीच: नवा फार्म, आणि त्याला डेटाबेस जोडणं. ज्याने रिस्टोरचा सराव केला आहे त्याला अपग्रेड परकं वाटणार नाही.

जोडण्याआधी नव्या फार्मवर प्रत्येक डेटाबेसवर टेस्ट-एसपीकंटेंटडेटाबेस चालवा. कोणत्या साइटला कोणतं सोल्युशन सापडत नाहीये याची यादी ती देते. यादीतली बरीच नावं वर्षानुवर्षं कुणी वापरत नसलेल्या गोष्टींची असतील. त्या जुन्या फार्मवरच काढून टाका आणि टेस्ट पुन्हा चालवा.